कॉम्प्युटरवर टाकलेला रुमाल

स्लाऊ, फेब्रुवारी २००६

चि. सौ. मंजिरी हिस सुप्रभाताईचे थंडीने काकडलेले पण मनापासूनचे आशीर्वाद, आणि आमच्या मेहुण्यांना (वयाने लहान असले तरी मानाने मोठे आहेत, हे वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखव) सविनय नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? तेल चोळतेस की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतेस? मेहुण्यांचा खोकला थांबला का? तुमच्या सोसायटीतली भिशी बंद पडली, हे वाचून वाईट वाटलं. पैसे गोळा करणाऱ्या बाई मुलाकडे बंगळूरला गेल्या आणि मागे राहिलेल्या तुम्ही पोरीबाळी एकमेकींकडे संशयाने बघत बसलात, यात नवल काही नाही. इकडे सगळं क्षेम. वैभवी बरी आहे, नात अन्वी गुटगुटीत आहे, जावई सकाळी अंधारात जातात आणि संध्याकाळी अंधारात येतात. मधे उजेड पडतो म्हणे, पण तो मी फारसा बघितलेला नाही.

तू म्हणशील, ताईला या दिवसांत पत्र लिहायची हौस कुठून आली, सरळ ई-मेल टाकायची सोडून. अगं, मला ई-मेल येते! वैभवीने शिकवली आहे. पण घरात कॉम्प्युटर एक, आणि त्याच्या कीबोर्डवर रुमाल टाकलेला आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तशी ही जागा धरलेली आहे, आणि तो रुमाल उचलणारं माणूस या घरात अजून जन्माला यायचं आहे (जी नुकती जन्माला आली ती अजून मान धरत नाही). म्हणून पत्र. आता बैस स्वस्थ आणि वाच, कारण मला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय अन्न गोड लागणार नाही.

मी वैभवीच्या बाळंतपणाला इथे इंग्लंडात आले, हे तुला माहीतच आहे. माझ्या मागोमाग नातीचं तोंड बघायला आमचे व्याही, म्हणजे अपूर्वचे वडील ज्ञानेश्वरराव, तेही आले. विधुर माणूस, वीजमंडळातून निवृत्त, पुण्यात तुमच्यापासून दोन गल्ल्या टाकून एकटेच राहतात. त्यांच्या कॉलनीची भिशी ते वर्षानुवर्षं चालवायचे. मग बिल्डरने कॉलनी पाडली, माणसं चहूकडे पांगली आणि भिशीही गेली. पण त्यात एक पैसा कधी इकडचा तिकडे झाला नाही, हे मी मान्य करते. माणूस सचोटीचा आहे. सचोटीचा आणि अकलेचा काही संबंध नसतो, एवढंच माझं म्हणणं.

इथे आल्यावर ज्ञानेश्वररावांचं फार अवघड झालं. एके काळी ज्यांच्या हातातून सगळ्या कॉलनीचे पैसे जायचे, त्यांना लायब्ररीपर्यंतच्या बससाठी मुलापुढे उभं राहावं लागायचं. पेन्शनच्या रुपयांचे पौंड केले की हातात काय उरतं, हे तुला सांगायला नको. मागताना ते नेहमी खिडकीबाहेर बघायचे, जणू पैसे समोरच्या घरवाल्याकडे मागताहेत. अपूर्व बिचारा लगेच द्यायचा, पण लगेच दिल्याने मागणाऱ्याचं मागणं संपत नाही ना! शेवटी वडिलांचा वेळ जावा म्हणून त्याने कॉम्प्युटरवर एक खेळ लावून दिला. ऑनलाइन स्लॉट मशीन. पडद्यावर तीन चाकं, त्यांवर चेरी, लिंबं, घंटा असली चित्रं. बटण दाबलं की चाकं गरगर फिरतात आणि थांबतात. तिन्हींवर सारखं चित्र आलं की मशीन टाळ्या पिटतं आणि पौंड देतं. या खेळात खेळणाऱ्याने करण्यासारखं काहीही नसतं, बोट तेवढं लागतं. इतक्या कमी भांडवलावर माणसं किती शास्त्रं उभी करू शकतात, ते आता ऐक.

ज्ञानेश्वररावांचं शास्त्र म्हणजे भिशी. सगळे पैसे भरतात, दर महिन्याला एकाची चिठ्ठी निघते, आणि ज्याची निघाली नाही त्याची कधी ना कधी निघणारच, कारण आधी निघालेल्यांच्या चिठ्ठ्या डब्यातून काढून टाकलेल्या असतात. बरोबर? त्यांच्या मते हे मशीन म्हणजे जगभरच्या लोकांची मोठी भिशी. बराच वेळ चेरी आली नाही, म्हणजे चेरी आता दाराशी येऊन उभी आहे. आणि अशा ऐन वेळी आपण उठलो, तर दुसरा कुणीतरी येऊन आपल्या जागी बसणार, एकच बटण दाबणार आणि आपली भिशी घेऊन जाणार! म्हणून तो रुमाल. ते जेवायला उठले, रुमाल. अंघोळीला गेले, रुमाल. वैभवीला डॉक्टरच्या अपॉइंटमेंटसाठी कॉम्प्युटर हवा होता तर म्हणाले, हात लावू नकोस गं पोरी, आता अगदी पिकत आलंय. (हे शास्त्र त्यांना कोपऱ्यावरच्या चिप्सच्या दुकानात मिळालं. तिथे असलंच एक, नाणी टाकून खेळायचं, फळांच्या चित्रांचं मशीन आहे आणि त्याच्यापुढून कधीही न हलणारा एक म्हातारा गोरा आहे. दुकानातल्या पेटीच्या पोटात काय असेल ते असो, पण घरातल्या कॉम्प्युटरवर कोण येऊन बसणार आहे? मी?)

मला राहवेना. तुला माहीत आहे, मी आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं. या मशीनला आठवण नसते, अगं! मागच्या वेळी काय आलं ते त्याला ठाऊक नसतं. दर वेळी चिठ्ठ्या सगळ्याच्या सगळ्या परत डब्यात. पण मी पडले मुलीची आई. व्याह्यांना तोंडावर चूक म्हणायचं म्हणजे काय, हे तू जाणतेस. तरी एका दुपारी मी आडवळणाने, कौतुकाचा सूर लावून, एक पौंडाचं नाणं काढलं आणि उडवलं. राणीचा छापा. परत उडवलं, परत राणी. तिसऱ्यांदाही राणी, चौथ्यांदाही! मी मनात म्हटलं, वा, देवानेच आज फळा पुसून दिला. विचारलं, आता काय पडेल? म्हणाले, विहीणबाई, राणीसाहेब दमल्या, आता काटा. आणि मंजू, मेला काटाच पडला! त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की जणू मीच त्यांच्या वर्गातली मागे राहिलेली मुलगी. मी नाणं पर्समध्ये ठेवलं आणि कणीक मळायला घेतली.

बरं, हे झालं जुन्या पिढीचं. शिकल्या-सवरलेल्यांचं ऐकशील तर गणितावरचा विश्वासच उडेल. अपूर्वचा मित्र प्रणव, नागपूरचा, मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरवाला, शनिवारी जेवायला येतो (बोलावलेलं नसतं). त्याचं म्हणणं, काकू, मशीन प्रोग्रामच आहे ना, मग त्यात पॅटर्न असणारच, आय कॅन क्रॅक इट. याने मोठा तक्ता मांडला, त्यात लिंबं निळ्या रंगात आणि घंटा लाल रंगात. दोन शनिवार तक्ता भरला आणि निष्कर्ष काय काढला, तर जेवणानंतर मशीन जास्त देतं! जेवणाआधी हा इथे नसतोच, तर आधीचं कळणार कुठून? आणि आमची वैभवी, बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, फी मी भरलेली. दोन चेऱ्या आल्या आणि तिसरी जरा खाली सरकून थांबली की मांडीवरच्या पोरीसकट ओरडते, "आई, सो क्लोज! किती जवळ आलं होतं!" मी म्हटलं, अगं, ते चित्र आहे, गाडी नव्हे जवळ यायला. चाक थांबताना दिसतं त्याआधीच आकडा ठरलेला असतो, फिरणं सगळं तुझ्यासाठी. तर म्हणते, आई, प्लीज, डोन्ट स्टार्ट.

पण खरी गंमत (मी गंमत म्हणते, तू काय म्हणायचं ते शेवटी ठरव) पुढेच आहे. हा सगळा खेळ फुकटचा होता. अपूर्वने मुद्दाम सरावाचा खेळ लावून दिला होता. त्यातले पौंड म्हणजे मुलांच्या व्यापाराच्या डावातल्या नोटा. पडद्याच्या कोपऱ्यात 'फॉर फन' असं लिहिलेलंसुद्धा होतं, पण ते ज्ञानेश्वररावांनी कंपनीच्या शुभेच्छा म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, हे पौंडच ना रे? अपूर्व ऑफिसच्या फोनवर होता. घाईत म्हणाला, हो बाबा, पौंडच. झालं. पौंड संपले आणि पान पुन्हा उघडलं की मशीन परत हजार पौंड द्यायचं. हे पाहून व्याह्यांना गहिवरून आलं. म्हणाले, न मागता उचल देतात, केवढा विश्वास बघा या लोकांचा! आणि आधी जिंकलेले कुठे गेले, तर ते कंपनीत आपल्या नावावर जमा झाले असणार. अपूर्वला खरं सांगायचा धीर होईना, कारण वडील पंधरवडाभर बसचे पैसे मागायला आले नव्हते. रुबाबात पायी लायब्ररीत जायचे आणि सांगायचे, माझे आहेत, पण मोडायचे कशाला! घरात मी सोडून सगळ्यांना ही फसवणूक म्हणजे प्रेम वाटत होतं. मला मूर्खपणा वाटत होता.

रविवारी अन्वीचं बारसं झालं. चर्चचा हॉल भाड्याने घेतला होता, इथल्या मराठी मंडळातली माणसं आली होती, पाळणा मी सजवला होता. आता बारसं कुणाचं? मुलीच्या माहेरचं. आपल्यात हेच चालत आलंय, आणि मी त्यासाठी मिरजेहून निघताना सगळी तयारी करून आले होते. नाव ठेवून झालं, पानं मांडली, आणि ज्ञानेश्वरराव टाय लावून मधे उभे राहिले. म्हणाले, आजचं जेवण नातीच्या आजोबांकडून. मुलाच्या पैशांनी नाही हं, माझ्या स्वतःच्या! अपूर्व, उद्या माझे काढून आण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अपूर्वचा चेहरा पांढराफटक. आणि मला कसला संताप आला म्हणून सांगू! माझा मान गेला याचा, की इतके दिवस गिळलेल्या गणिताचा, देव जाणे. मी भरल्या हॉलमध्ये बोलून गेले, "अहो, कसले पैसे? खोटे आहेत ते! पोरांच्या खेळातले!"

टाळ्या थांबल्या. ज्ञानेश्वररावांनी अपूर्वकडे पाहिलं, अपूर्वने चपलांकडे. मग ते अगदी हळू म्हणाले, "असं होय? मग बरं झालं, कुणाचंच काही गेलं नाही." आणि कोपऱ्यातला पाण्याचा जग उचलून ते पंक्तीत पाणी वाढायला लागले. शेवटच्या पानापर्यंत वाढत राहिले. माझ्या पेल्यातही घातलं, आणि विचारलं, विहीणबाई, अजून? मंजू, मला त्यांचा राग आला, अपूर्वचा आला, आणि माझा सगळ्यांत जास्त आला. मी बरोबर होते, अक्षरशः बरोबर होते, आणि पानातलं श्रीखंड मी तसंच टाकून उठले.

घरी आल्यावर त्यांनी रुमाल उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. मग खेळाकडे वळून पाहिलं नाही. अपूर्वने माफी मागितली, तर म्हणाले, अरे, वेळ छान गेला माझा. पण आज सकाळी ते त्याच्यापुढे येऊन उभे राहिले, खिडकीबाहेर बघत म्हणाले, बसपुरते देतोस का रे? मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू येऊ नये इतक्या हळू म्हणाले होते, पण आलं.

असो. मूर्खांच्या संगतीत शहाण्या माणसाचं काय होतं, ते तुला कळावं म्हणून हे लिहिलं. गुडघ्याला जप. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सुप्रभाताई

ता. क. : ज्ञानेश्वरराव महिनाअखेर पुण्याला परततील. ते पोचले की तू स्वतः त्यांच्याकडे जा (मेहुण्यांना घेऊन जा, म्हणजे वजन पडेल) आणि सांग, की आमच्या सोसायटीची भिशी विश्वासू माणसावाचून अडली आहे, तुम्हीच हातात घ्या. माझं नाव काढशील तर याद राख. ते आधी नको म्हणतील. दुसऱ्यांदा विचार. माझं एक नाव घाल त्यात. माझी चिठ्ठी शेवटी निघाली तरी चालेल, आधी त्यांची निघू दे. आणि तुझ्या मैत्रिणींना बजाव, पैसे द्यायला त्यांच्या घरी जायचं, त्यांना मागायला लावायचं नाही.

ता. ता. क. : तुझ्या डोक्यात आलं असेल, की त्यांनी रुमाल उचलला तर मग कीबोर्डवर आता आहे तो कुणाचा? माझा आहे. ते लायब्ररीत गेले, वैभवी निजली, आणि ती रिकामी खुर्ची मला बघवेना म्हणून मी नुसती टेकले. एकदाच दाबलं. दोन चेऱ्या आल्या आणि तिसरी, अगं, केसभर खाली थांबली! म्हणजे आता अगदी दाराशी आहे. मी दाबणार नाही. त्यांनी इतके दिवस भरलंय, निघेल ती त्यांच्याच हातून निघू दे. ते बसमधून उतरून घरी येईपर्यंत जागा धरून ठेवली आहे, नाहीतर तो प्रणव येऊन बसायचा.