माणिकराव डॉक्टरचे गुडघे

४ फेब्रुवारी, सकाळी.
काल बायकोचा, कलाबाईचा जलदानविधी झाला. जीवहिंसा करणार नाही, असे सर्वांबरोबर मीही म्हणालो. त्यात माणिकराव डॉक्टर धरलेला नाही. त्याचे दोन्ही गुडघे फोडणार. लघवीचे साधे इन्फेक्शन म्हणाला, गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत किडनीत पू, मग रक्तात विष, मग बुलडाण्याचा आयसीयू, मग ती गेली. काठीला तेल लावले.

६ फेब्रुवारी.
धाड गावचा बाजार, माणिकरावच्या दवाखान्यात गर्दी. मला एकोणीस नंबर दिला. काठी पाहून एका म्हातारीने पाय दुखतो का विचारले आणि बसायला जागा दिली. सोळावा नंबर पुकारल्यावर उठून आलो. साक्षीदार फार होते. घरी तिच्या गादीवर सराव केला. पन्नास फटके. कापूस बाहेर आला.

९ फेब्रुवारी.
योजना बदलली. दगड. डॉक्टरच्या पाटीवर नेम धरला, शेजारच्या मेहबूब टेलरची काच फुटली. त्याने मला पाहिले, काचा झाडल्या, चहा मागवला. मग म्हणाला, "भाऊ, वहिनीचे दोन ब्लाऊज शिवून पडेल हायेत. घेऊन जा." घेतले. राग मुळीच कमी झालेला नाही.

११ फेब्रुवारी.
हुडहुडी भरून ताप. लघवीला आग, कमरेत उजवीकडे कळ. शत्रूचे औषध घ्यायचे नाही, हे पक्के. मेहकरहून मुलगी दीपमाला फोनवर ओरडली, मग रडली.

१२ फेब्रुवारी.
माणिकरावकडे गेलो. काठी आधारापुरती. तपासताना तो जवळ उभा होता, गुडघे टप्प्यात होते. दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. म्हणाला, "काका, पुरा कोर्स घ्या. ताप उतरला म्हनून मधातच बंद करू नोका. काकूलेबी हेच सांगतलं होतं."
शेवटचे वाक्य खोटे. बरा झालो की दोन फटके जास्त.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी.
ताप उतरला. प्रकृती मुळात दणकट. उरलेल्या गोळ्या नेहमीप्रमाणे बिस्किटाच्या डब्यात ठेवायला गेलो. आत याच गोळ्यांची पट्टी होती. दहातल्या चारच घेतलेल्या. वर चिठ्ठी, कारकुनी अक्षर माझेच: 'कलाबाई. ताप उतरला. बंद. पुढच्या वेळी कामी येतील.'
"अजून घेऊ काय?" तिने तेव्हा विचारले होते.
काठी दाराआड उभी आहे. फोडायचे गुडघे घरातच निघाले.
रात्री आठची गोळी घेतली.