‘मानतात’ या शब्दावरून

प्रिय ठमाबाई,

बाळाचे फोटो पोचले. नाक तुझ्या आईचं, रडण्याचा आवेश तुझा, म्हणजे तुम्हा घरच्यांचं काही खरं नाही. पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, बाळाने मला काय म्हणायचं. त्याचं उत्तर लिहायला आठवडाभर बसतोय आणि उठतोय. एवढ्याशा प्रश्नाला कसला मुहूर्त बघताय, म्हणून तुझी आई टोमणे मारते. तर आधी आमच्या संग्रहालयातला तमाशा ऐक, मग उत्तर.

तळमजल्यावरचा तो काळा दगड आठवतो ना, लहानपणी तू ज्यावर चढून बसायला निघाली होतीस? त्याची पाटी गंजली, म्हणून नवी लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. मी आपलं लिहिलं, हा दगड आकाशातून पडलेला आहे, लोक तो पवित्र मानतात. झालं! प्रार्थनागृहातले म्हातारे गुरुजी संग्रहालय समितीच्या बैठकीत उसळलेच. ‘मानतात’ म्हणजे ‘तसं काही नाही’ हे सांगायची सभ्य रीत, म्हणे. आकाशातून पडला ते ‘आहे’, आणि आमचं तेवढं ‘मानतात’? उद्या लिहाल, ही बाई याची आई मानली जाते! त्यावर दगडांच्या अभ्यासक बाई शांतपणे म्हणाल्या, की त्यातलं लोखंड मी तपासलंय, आणि माझं चुकलं असं निघालं तर मी स्वतः पाटी उतरवीन. पवित्रपणा चुकला तर कळणार कसं, ते सांगा. गुरुजी कसले ऐकतात! माणसाला छळू नये हे तरी तुम्ही कुठल्या भट्टीत तपासलंत, असं त्यांनी विचारलं. मग अध्यक्षांनी तिसरंच काढलं. भिंत सगळ्या गावाची, कर सगळेच भरतात, मग ती बोलणार कुणाच्या तोंडाने? चहा गार झाला, कुणी हात लावला नाही. खरं सांगू, मला मजा येत होती. इतक्या वर्षांत माझ्या पाटीला एवढा भाव कुणी दिला नव्हता.

मी बैठकीत सहसा तोंड उघडत नाही, तुला माहीत आहे. पण मला एकदम तुझी शाळा आठवली. तुझ्या आईशी माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि फाटकाशी तू मैत्रिणींना सांगितलंस, हे माझे मानलेले बाबा. हाक मात्र ‘काका’ अशीच मारायचीस. तो ‘मानलेले’ मला कितीतरी वर्षं बोचला गं. खरे बाबा ते भिंतीवरच्या, हार घातलेल्या फोटोतले, आणि आपण आपले दुय्यम. गुरुजी तावातावाने माझंच दुखणं बोलत होते, आणि ते ऐकताना मला वाटलं, अरे, हा शब्द हलका आहे कुठे? नातं नुसतं असायला काही करावं लागत नाही. मानायचं तर रोज मानावं लागतं. माझ्याशी भांडून, दार आपटून खोलीत गेलीस, तरी जेवायला येऊन माझ्याच शेजारी बसायचीस ना! हे सगळं मी बोलून गेलो, तुझ्या नावानिशी. गुरुजींचे डोळे भरले, त्यांना ‘मानतात’ चालला. बाई म्हणाल्या, छान, पण हे झालं माणसांचं. दगड पवित्र आहे की नाही, हा प्रश्न आहे तिथेच आहे. बरोबरच आहे त्यांचं. प्रश्न काही सुटला नाही, पाटी तेवढी लागली.

आता तुझं उत्तर. आधी मी लिहिलं होतं, काहीही म्हणू दे, मला काय त्याचं! वाचायला शहाणपणाचं वाटतं, पण साफ खोटं आहे. फोटोतले ते बाळाचे आजोबा आहेतच, त्यांची जागा मला नको. त्यांच्या गोष्टी बाळाला मीच सांगेन, तुझ्या आईकडून ऐकून ऐकून मला पाठ झाल्यात. पण मलाही आजोबा म्हणू दे. मला ते हवंय, अगदी हावरटासारखं हवंय, आणि एवढंच मागायला हे लांबलचक पत्र लिहिलं. खरे की मानलेले, असं कुणी विचारलंच, तर बेधडक सांग, मानलेले. तू मात्र आता या वयात मला बाबाबिबा म्हणायला लागू नकोस हं. तुझा ‘काका’ ऐकला की मी अजून असेन तिथून ओ देतो.

तुझाच,
काका