पडद्यावरची कमान

३ नोव्हें. १९८२, आंधळगाव
लकवा मारल्यापासून दादा आज पहिल्यांदा ब्रश घेऊन बसला. गावच्या नाटक मंडळाचा पडदा. वरती मंडळाचं नाव, कमानीत. अंगणात कापड अंथरलं, खिळा ठोकून दोरीनं कमान मीच ओढून दिली. अक्षरं त्याची. वयनी दारातून पाहून राहिली होती, डोळ्याले पदर.

६ नोव्हें.
नाव झालं. काय बोलू? कडेची अक्षरं ठीक, मधली ताडमाड, वरून रुंद, खाली निमुळती. हात गेला त्याचा. अन् तो खूष. "जमलं ना बाबू?" "जमलं." खोटं बोललो.

७ नोव्हें.
दादा-वयनी दवाखान्यात, भंडाऱ्याले. मी मधली अक्षरं मागच्या निळ्या रंगानं झाकली. वाळल्यावर पुन्हा लिहिली, सारी एका उंचीची. ते यायच्या आत पडदा गुंडाळून मंडळात देऊन आलो. दादाची लाज राखली म्हणून बरं वाटलं.

२१ नोव्हें. मंडई, दिवाळीनंतरची गावची जत्रा
नाटकाले सारं गाव. पडदा टांगला. लोक खाली सतरंजीवर, मीबी. मान वर करून पाहतो तं मधली अक्षरं बसकी, डोक्यावर पोतं ठेवल्यावानी. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पडदा उंच, पाहणारा खालून; कमानीत मधली अक्षरं सगळ्यात वर, तीच आखूड दिसतात. म्हणून दादानं मधली लांब ओढली होती. इतकी वर्षं अक्षरं तो काढे, मी नुसता रंग भरो. कधी विचारलं नाही, काहून असं.
मागून कोणी बोललं, "लकव्यानं हात गेला जी पेंटरचा."
दादा माझ्याच बाजूले. पडद्याकडे पाहिलं, मंग माझ्याकडे. अन् मागं वळून म्हणे, "हो ना भाऊ, गेला हात."
थू माझ्या जिनगानीवर.

२४ नोव्हें.
दोनदा सांगाले गेलो. "दादा, त्या पडद्याचं..." "भात निवून राहिला, जेव आधी." जेवण झाल्यावर सारे ब्रश माझ्यापुढं ठेवले. धुतलेले, पुसलेले. "ठेव तुझ्याजवळ." वयनी दिवसभर माझ्यासंगं बोलली नाही. तिले माहीत असंल का...

२ डिसें.
दिघोरीचे मंडळवाले आले, त्यांचा पडदा आहे. म्हणे, मोठ्याचा हात गेला, आता धाकट्यानंच करावं. दादा समोरच खाटेवर. "घे ना बाबू काम." आज तरी खरं सांगाचं होतं, चार लोक होते. मी म्हटलं, घेतो.
कापड परवा येते. मधलं अक्षर किती लांब ओढाचं ते त्यालेच माहीत, अन् विचारू कोणत्या तोंडानं.