दाजींच्या नाचाचे प्रक्षेपण हक्क

तीर्थस्वरूप दाजी,

आधी नमस्कार. तो वाकून केलेला आहे, कारण ताठ मानेनं काही करण्याची माझी लायकी सध्या उरलेली नाही. तुमचा गुडघा कसा आहे? थोंगयंगकडे वारा फार सुटलाय असं बातम्यांत ऐकलं, कालवांच्या दोऱ्या तुटल्या नाहीत ना? आणि ताईची कंबर? (ताईला मी फोनवर विचारलं होतं. तिनं कंबर सोडून माझी अक्कल, माझं तोंड आणि आमच्या आईनं मला कुठल्या वेळी जन्माला घातलं या विषयांवर बरंच सांगितलं.) इकडे सोलमध्ये सगळं ठीक आहे. तुमचा दुहो दोन्ही वेळा नीट जेवतो. मी जेवत नाही, पण ते कुणी विचारलेलं नाही.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. बरोबरच आहे. मी तुमच्या जागी असतो तर फोन उचलला असता आणि समुद्रात फेकला असता. म्हणून हे पत्र. त्या दिवशी काय झालं ते गावात चौघांच्या तोंडून तुम्ही ऐकलंच असेल, पण माझ्या तोंडून ऐका. माझ्या तोंडावर आता कुणाचा विश्वास नाही हे मला माहीत आहे, तरी ऐका.

मी टीव्हीवर कॉम्प्युटर-खेळाच्या सामन्यांचं वर्णन करतो, हे तुम्हाला लग्नकार्यात अनेकदा सांगून झालंय आणि तुम्ही दर वेळी, "म्हणजे पोरं बसलेली असतात आणि तू ओरडतोस?" असं विचारलेलं आहे. तर होय, तेच. दोन पोरं काचेच्या दोन खोल्यांत बसतात, पडद्यावर आपापला गड बांधतात, सैन्य उभं करतात आणि एकमेकांचा गड पाडतात. लाखो लोक ते घरी बसून बघतात आणि मी ओरडतो. तुमचा मुलगा त्या खेळात देशातल्या पहिल्या दोघांत आहे, ही गोष्ट मी तुम्हाला कधी सांगू शकलो नाही. कारण तुम्ही कालवं उघडायच्या सुरीनं त्याच्या कॉम्प्युटरची वायर कापलीत, तो माझ्याकडे निघून आला, आणि तेव्हापासून तुम्हा बापलेकांत शब्द नाही. (सुरी चांगली होती, असं दुहो अजून म्हणतो. एकाच घावात.)

आता भांडण काय होतं ते सांगतो. हा खेळ ज्या कंपनीनं बनवला ती म्हणते, खेळ आमचा, म्हणून त्याची चित्रं आमची, म्हणून ती टीव्हीवर दाखवायची का नाही हे आम्ही ठरवणार. आपल्याकडे खेळाडूंच्या संघांची जी संघटना आहे ती म्हणते, पोरांना तयार केलं आम्ही, सामने भरवले आम्ही, बेसबॉलच्या चेंडूचा कारखानदार कधी सामन्यावर हक्क सांगायला येतो का? आमची वाहिनी म्हणते, दिवे आमचे, कॅमेरे आमचे, दहा वर्षांपूर्वी या खेळाला कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा दाखवला आम्ही. तुमच्या धंद्यातलं सांगायचं तर दोऱ्या एकाच्या, समुद्र दुसऱ्याचा, कालवं सोलणाऱ्या बाया तिसऱ्याच्या, आणि बाजारात ओरडणारा मी. कालव कुणाचं, हे कालवाला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

अंतिम सामन्याच्या दिवशी दुपारी, प्रेक्षक आत येऊन बसलेले असताना, हे तिन्ही पक्ष आमच्या स्टुडिओच्या बोळकांडीत एकमेकांसमोर उभे ठाकले. कंपनीची वकीलबाई हातात कोर्टाचा कागद घेऊन आली होती: खेळाचं एकही चित्र प्रक्षेपित होता कामा नये. संघटनेचे चिटणीस नाम (गोल गृहस्थ, चिडले की कान लाल होतात) म्हणाले, "बाई, ही पोरं वर्षभर घासतात, त्यांचा घाम काय तुमच्या खेळाच्या डबीत भरून आला होता का?" त्यावर ती शांतपणे म्हणाली, "घाम दाखवा की. घामावर आमचा हक्क नाही. गड दाखवू नका." आमच्या साहेबीण बांग मीओक यांना तेवढंच पुरलं. त्या गर्रकन वळल्या आणि म्हणाल्या, "ठरलं तर! घाम दाखवू. दोन्ही पोरांचे चेहरे दाखवा, बाकीचं गिबम सांगेल." गिबम म्हणजे मी.

इतका वेळ दुहो भिंतीला टेकून किंबाप, म्हणजे भाताची गुंडाळी, खात उभा होता. त्यानं तोंडातला घास संपवून विचारलं, "मामा, मी खेळायचंय का नाही?" तिघंही पुन्हा कोर्टाच्या कागदावर वाकली. मीही वाकलो.

वकीलबाई मोठी हुशार. तिनं माझ्यासमोरचा पडदाही बंद करायला लावला. गड बघून त्याचं वर्णन केलं तर तेही गडच दाखवल्यासारखं होतं, असं तिचं म्हणणं. सभागृहातला मोठा पडदाही काळा. आत काय चाललंय ते फक्त दोन पोरांना आणि त्यांच्यामागे उभ्या पंचांना ठाऊक. डाव संपला की पंच एक झेंडा वर करणार, लाल म्हणजे दुहो, निळा म्हणजे त्याच्यासमोरचा बोंग थेउल. आणि मधला सगळा वेळ मी दोन चेहरे बघून लढाई सांगायची.

दाजी, खोटं का बोलू, पहिल्या दोन डावांत मजा आली. दुहोनं ओठ चावला की मी सांगायचो, पुरवठा तुटलाय! थेउलनं नाक खाजवलं की सांगायचो, कपटी बेत शिजतोय! (त्याला सर्दी होती, हे नंतर कळलं.) प्रेक्षक आधी कुरकुरले, मग दोन पोरांच्या भुवयांकडे असे डोळे लावून बसले की सभागृहात खोकल्याचा आवाज नाही. पहिला डाव लाल, दुसरा निळा. तिसऱ्यावर सगळं. आणि मला वाटायला लागलं की मला खरंच दिसतंय. माणसाचा नाश होतो तो इथेच.

तिसऱ्या डावात खूप वेळ दोघांचे चेहरे दगडासारखे. मग थेउलनं डोकं टेबलावर ठेवलं. आणि आपला दुहो मागं रेलला, कानावरचे हेडफोन काढले आणि हसला. दाजी, त्याला मी इतक्या वर्षांत तसं हसताना पाहिलं नव्हतं. लहानपणी होडीतून उतरताना तुमच्या खांद्यावर बसून हसायचा, तसं. माझं भान गेलं. मी उभा राहून किंचाळलो, "गड पडला! वेशीतून सैन्य आत! मेंग दुहो विजेता! थोंगयंगच्या मेंग सांगचुल यांचा मुलगा विजेता!"

तुमचं नाव घ्यायची काही गरज नव्हती. पण घेतलं.

माझ्या किंचाळण्यावर वरच्या माणसानं सोनेरी कागदाचे तुकडे उडवले. वकीलबाई म्हणाली, "गड, वेस, सैन्य! हे खेळाचं वर्णन झालं!" आणि तिनं तिथल्या तिथे प्रक्षेपण तोडायला लावलं. तुमच्या टीव्हीवर अंधार झाला तो तेव्हा. आणि इथे, त्या सोनेरी पावसात, पंचांनी निळा झेंडा वर केला.

थेउल डोकं टेकून रडत होता तो आनंदानं. दुहो हसला, कारण थेउलनं त्याला ज्या डावपेचानं मारलं तो या दोघांनीच कधीतरी नूडल्स खाता खाता गंमत म्हणून शोधला होता, आणि असलं वेडगळ काही खऱ्या सामन्यात कुणी करील असं त्याला वाटलं नव्हतं. "मामा, चाल इतकी सुंदर होती की हरतोय हे लक्षातच आलं नाही," असं तो मला नंतर म्हणाला. पण ते नंतर. त्या क्षणी तो केसांतले सोनेरी तुकडे काढत काचेच्या खोलीतून बाहेर आला आणि लोक त्याला हसत होते. माझ्यामुळे.

इथवरची लाज मी कशीबशी गिळली असती. धंद्यात तोंड पोळतं. पुढची गिळवत नाही.

तेवढ्यात तुमचा फोन आला. इतक्या वर्षांत तुम्ही मला स्वतःहून केलेला पहिला फोन. मागं ढोल वाजत होता, कुणीतरी तुमचं नाव घेऊन ओरडत होतं. तुम्ही म्हणालात, "अरे गिबम, जिंकला ना रे पोरगा? टीव्हीच बंद पडला मेला! पण ऐकलं मी, माझं नाव घेतलंस ते ऐकलं!" दाजी, तुमचा आवाज चिरका येत होता. मी तोंड उघडलं. 'हरला' हा काही मोठा शब्द नाही. मी रोज दहादा उच्चारतो. आणि मी म्हणालो, "अभिनंदन, दाजी."

मग तुम्ही म्हणालात, "त्याला दे जरा फोन." दुहो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाठ केली आणि तुम्हाला सांगितलं, "तो मुलाखत देतोय, मागाहून करतो."

त्याला कुणीही मुलाखत विचारली नव्हती.

त्यानंतर तुम्ही गावाला कालवं वाटलीत, तांदळाची मक्कॉली पाजलीत, आणि संध्याकाळच्या बातम्यांत निवेदिकेनं थेउलचं नाव घेतलं तेव्हा हातात पेला होता, हे ताईनं सांगितलं. तुम्ही पेला खाली ठेवलात आणि होडी बघायला म्हणून निघून गेलात, हेही तिनंच सांगितलं. त्यापुढचं ती सांगू शकली नाही, आणि तिला बोलता येत नाही असं मी तरी कधी पाहिलेलं नाही.

दाजी, माफ करा असं लिहायला घेतो आणि पुढं काय लिहावं सुचत नाही. सामना कुणाचा याचा निकाल कोर्ट लावेल तेव्हा लावेल. पण बापानं मुलाला करायचा फोन तरी माझा नव्हता, आणि मी तो मध्येच ठेवून दिला.

पोटाला जपा. थंडीत गुडघा झाकून ठेवा. ताईला, तिची तयारी असेल तर, नमस्कार.

तुमचा नालायक मेहुणा,
गिबम

ता. क. सोबत परवानगीचा एक कागद आहे. पत्र मी मनापासून लिहिलंय, पण लिहायला बसवलं बांग मॅडमनी, हे न लपवलेलं बरं. तुम्ही सगळे ज्या गावच्या हॉलमध्ये सामना बघत बसला होतात, तिथला तुमचा नाच गावप्रमुखांच्या सुनेनं मोबाइलवर टिपून हौसेनं आमच्या वाहिनीकडे पाठवला. (तुम्ही नाचता हे मला माहीत नव्हतं. तो गुडघा!) मॅडम म्हणतात, त्या अख्ख्या दिवसातलं हे एकच चित्र असं आहे की ज्यावर कंपनीचा हक्क नाही. चिटणीस नाम म्हणतात, नाच आमच्या सामन्यावर झाला म्हणून संघटनेचा. वकीलबाईंनी कळवलंय की सुरुवातीला मागं टीव्हीवरचं माझं किंचाळणं ऐकू येतं, त्याचा विचार करावा लागेल. आमचे लोक म्हणतात, तुमची एक सही झाली तर देशभर दाखवू, लोक पोट धरून हसतील.

आणखी एक ता. क. सही करू नका. कागद चुलीत घाला. मॅडमना मी सांगीन की पोस्टात गहाळ झाला. त्यांचा विश्वास बसणार नाही, पण तो तर आता माझ्यावर कुणाचाच बसत नाही, त्यामुळे नुकसान काही नाही.

शेवटचा ता. क. एक गोष्ट मी तुमच्या परवानगीशिवाय करून बसलोय. काल ऑफिसात कुणी नसताना तो नाच मी दुहोला दाखवला. मला वाटलं, हसेल. तो पडद्याजवळ सरकून बसला. संपल्यावर म्हणाला, "मामा, परत लाव." परत लावला. मग पुन्हा. शेवटी मला न बघता त्यानं विचारलं, "हे मला मिळेल का? माझ्याजवळ ठेवायला?" मी म्हणालो, बाबा रे, त्यावर तीन जणांचा दावा चाललाय. तो म्हणाला, "त्यांचं नको सांगू. बाबांना विचार."

म्हणून विचारतो, दाजी. देऊ का? मला कळवायचं नसेल तर त्यालाच कळवा. त्याचा नंबर ताईकडे आहे.