सहा आठवडे रोज दोन पाव

ती. मामांस,

तुम्हाला व मामींना वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज आणि मामींचा माझ्यावरचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. (माझे फक्त वजन उतरले. आठ किलो.)

कॉलेज सोडून मी बेकरीत लागलो तो काही भट्टीच्या ओढीने नव्हे, हे तुम्ही ओळखलेच असेल. गल्ल्यावर मालकांची मुलगी बसते. रोज दहाच्या चहाला ती आपल्या वाट्याचा पाव कागदात गुंडाळून गुपचूप माझ्या हातात द्यायची. मी तो भक्तिभावाने खायचो आणि अकराला पोट धरून पिठाच्या पोत्यांमागे बसायचो. वाटले, प्रेमात असेच होत असणार. (आई म्हणाली, जंत.) मग एके दिवशी तो पाव तिने टेम्पोवाल्याला दिला! माझे डोके तुम्हाला ठाऊकच आहे. तिथल्या तिथे शपथ घेतली, पावच काय, गव्हाचा कणही तोंडात घालणार नाही. दोन महिने भातावर काढले. पोट गप्प. मी समजलो, प्रेम मेले.

तरी आईने वजनापायी मला फरपटत डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांना सीलिअ‍ॅकचा संशय, म्हणजे गव्हातले ग्लुटेन आतड्याला सोसत नाही. रक्त तपासले तर स्वच्छ! "गहू खातोस ना?" म्हटले, शपथ आहे. त्यांनी पेनच खाली ठेवले. "अरे शहाण्या, चोर निघून गेल्यावर पोलिसांना काय सापडणार? सहा आठवडे रोज दोन पाव खा, मग ये." (आधी सांगायला हवे होते म्हणे. रुसवाही केसपेपरवर लिहायचा असतो, हे मला काय ठाऊक?) म्हणजे बरा असलो तर आजार सापडत नाही, आणि तो सापडावा म्हणून आजारी पडायचे.

गेलो निमूट तिच्याकडे, पाव मागायला. ती आधी हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "मलाही नाही रे सोसत तो. टाकला तर बाबा ओरडतात, म्हणून तुला द्यायचे." मामा, वर्षभर मी प्रेमपत्र समजून तिची पोटदुखी गिळत होतो!

तुमचा गोंधळलेला,
भाचा

ता. क. ती पांढरीफटक पडली आहे, जिना चढताना धापा टाकते. पण मालक तपासणीचे नाव काढू देत नाहीत. "तीन पिढ्या पिठात गेल्या, अन् माझ्या पोरीला पाव सोसत नाही?" तुम्ही शांत डोक्याचे. रविवारी येऊन त्यांची समजूत घाला. मी बोलायला गेलो तर भांडण होईल. (गेलो होतो. डोळा अजून सुजलेला आहे.)

ता. ता. क. तपासणीआधी तिनेही गहू सोडायचा नाही, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणून परवापासून तिचा पाव तीच खाते, पोत्यांमागे, माझ्याशेजारी बसून. अकराला दोघांच्याही पोटात एकदमच मुरडा येतो. काल तिने माझा हात घट्ट धरला. तो मुरड्यामुळे की आणखी कशामुळे, हे कोणत्या तपासणीत निघते, तेवढे मामींना विचारून ठेवा.