साडूने माझा गळा आवळला त्याची हकीकत

आदरणीय दादा,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. कंबर कशी आहे? वहिनींचा बसलेला आवाज सुटला का? (नसेल तर आणखी थोडे दिवस सुखाने काढा.) इकडे मी ठीक आहे, म्हणजे मेलो आहे. सविस्तर सांगतो.

एकामागून एक खून पाडणाऱ्या माणसाचा पोलीस माग काढतात, अशा सिनेमात मला खुन्याचं काम मिळालं होतं. वीस वर्षं हौशी नाटकांत दार उघडून ‘साहेब आले’ म्हटल्यावर नशिबाने पहिल्यांदा माझं दार उघडलं. खुन्याची पापणी लवत नाही असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून मी टेबलफॅनसमोर बसून पापणी न हलवण्याचा सराव केला. (तुमच्या बहिणीला वाटलं मी तिच्यावर चिडलोय. फार गोड वागली.) डोळे असे सुजले, की दिग्दर्शकांनीच मला गाडीत घातलं. आणि मी करंटा! आपल्या माणसाचा धंदा व्हावा म्हणून थोरल्या साडूंच्या चष्म्याच्या दुकानाचा पत्ता दिला.

साडू तुम्हाला ठाऊक आहेत. घरच्या फोटोतसुद्धा मागे उभे राहतात. त्यांनी दिवा मालवला, बॅटरी माझ्या डोळ्यांत धरली, अगदी जवळ आले आणि थंड आवाजात म्हणाले, ‘‘घाबरू नका. आता स्पष्ट दिसतंय?’’ दिग्दर्शकांच्या हातातला चहा सांडला. ‘‘हाच आपला खुनी!’’ दुकानातून बाहेर पडेपर्यंत मी चौथा बळी झालो होतो. लोक आपल्या पायावर धोंडा मारून घेतात; मी धोंड्याच्या दुकानात जाऊन पाय पुढे केला.

तुम्ही कंबरेमुळे शूटिंगला आला नाहीत ते बरं झालं. माझ्या एकाही नाटकाला न आलेले तुमचे बाबा पहिल्या खुर्चीत होते. एका जावयाने दुसऱ्याचा गळा आवळला आणि आई डोळे पुसत म्हणाल्या, ‘‘किती सफाईदार हात आहे हो!’’ मी जमिनीवर पडून, साडू कसं करतात ते एक डोळा किलकिला करून बघत होतो. शेवटी दिग्दर्शक ओरडले, ‘‘त्या प्रेताला सांगा, अभिनय करू नकोस!’’ घरी येताना तुमची बहीण म्हणाली, ‘‘ताईच्या नशिबी खरा कलावंत आला.’’ दादा, खोटं कशाला बोलू? मला हेवा वाटतो. तो शब्द तिने माझ्यासाठी कधीच काढला नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
(सध्या कैलासवासी) धाकटा मेहुणा

ता. क. : साडूंबद्दल माझ्या मनात काहीही नाही. मात्र सिनेमाचा दुसरा भाग येतोय आणि त्यातही खुनी तेच आहेत. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. चौथ्या बळीला एक जुळा भाऊ होता, एवढं दिग्दर्शकांच्या कानावर घाला म्हणावं.

ता. क. २ : जुळ्या भावाचं जमत नसेल तर मला पुन्हा मारलं तरी चालेल, पण गळा साडूंनीच आवळावा. दर वेळी आवळण्याआधी कानाशी येऊन विचारायचे, ‘‘दुखत नाहीये ना तुम्हाला?’’ इतक्या वर्षांच्या नाटकांत मला असं कुणीही विचारलं नव्हतं.