पाठकोरा कागद

५ ऑगस्ट, सकाळ
आजपासून रोजनिशी. शिस्त म्हणजे शिस्त. वही आणायला निघालो, वाटेत दोस्त लवू भेटला, गप्पांत वही राहिली. आईच्या फायलीत एक पाठकोरा कागद मिळाला. झाडं वाचवायला हवीत. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले, आता फाईल कशाला लागतेय? तरी ती माझ्याच ताब्यात आहे. अक्षताताईने बजावलंय, सम्या, एक कागद इकडचा तिकडे झाला तर घरात पाय ठेवू नकोस. उगाच टेन्शन घेते.

९ ऑगस्ट
आईच्या पोटात जरा दुखतंय. परळच्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन. पित्ताशय काढलं तिथे गोळा दिसतोय, आत हवेचे बुडबुडे. पू असेल, पुन्हा पोट उघडावं लागेल, तिथले मोठे सर म्हणाले. आई म्हणाली, पोट आहे की ट्रंक? मी तिला धीर दिला. मी खंबीर आहे. मधे दोनदा खाली चहाला जाऊन आलो.

१० ऑगस्ट, दुपार
तिथल्या तरुण डॉक्टर देविका मॅडमना डाऊट आहे. ताप नाही, रक्ताचा रिपोर्ट क्लीन, मग पू कुठला? रक्त थांबवायला सर्जन कधी कधी आत विरघळणारी जाळी ठेवतात. तिच्यात हवा अडकते आणि स्कॅनमध्ये ती हुबेहूब पूसारखी दिसते. ठेवली असेल तर पहिल्या ऑपरेशनच्या नोटमध्ये लिहिलेलं असणार. मी छाती काढून फाईल दिली. ईसीजी आहे, पथ्याचा तक्ता आहे, नोट नाही! पहिलं ऑपरेशन केलं त्या नर्सिंग होमने दिलीच नसणार. काय बेजबाबदार लोक असतात.

११ ऑगस्ट
प्लॅन: माझगावच्या नर्सिंग होममध्ये जाऊन आवाज चढवायचा. दहाला निघालो. काळाचौकीला लवूच्या मंडळाचा पुठ्ठ्याचा किल्ला एका बाजूने कलत होता. पाच मिनिटं धरला. माझगावला पोचलो चार वाजता. सर्जन अमेरिकेला लेकीकडे, फोन बंद, कपाटाची चावी त्यांच्याकडे. काउंटरवरची बाई म्हणाली, नोट दिलीय की, ही घ्या सही. सही माझीच. चांगली आलीय.
जागा संपत आली, बारीक लिहितोय.

१२ ऑगस्ट
घर दोनदा उपसलं. गादीखाली, फ्रिजवर, सगळीकडे. नाही. देविका मॅडम म्हणाल्या, कागदाशिवाय मी सरांना कशी थांबवू? उद्या नऊला ऑपरेशन. आईने बांगड्या काढून ताईकडे दिल्या. मला म्हणाली, तू नुसता बस इथे, कुठे जाऊ नकोस. बसलो. दुसरं काय येतं मला?

१३ ऑगस्ट, दुपार
हे कॅलेंडरच्या जुलैच्या पानावर, ताईच्या परवानगीने.
सकाळी आठला वॉर्डाबाहेर बाकावर शेवटच्या कोपऱ्यात चार शब्द लिहीत होतो. ताई समोर बसलेली. तिला कागदाची दुसरी बाजू दिसत होती. एकदम ओरडली, ऑपरेशन नोट! हिसकावून धावली. जाळी ठेवल्याचं स्वच्छ टाइप केलेलं. ऑपरेशन कॅन्सल, दोन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन.
मी म्हटलं, बघा, कागद किती जपून ठेवला होता मी. ताईने फाईल माझ्याकडून काढून घेतली.
रेकॉर्डसाठी झेरॉक्स काढली. दोन्ही बाजूंची. सुंदराबाई सिस्टरनी ‘मी खंबीर आहे’ वॉर्डभर वाचून दाखवलं. आई पोट धरून हसली. मग म्हणाली, मेल्या, दोनदा चहा प्यायलास, एक माझ्यासाठी आणला असतास.
आता आणायला निघतोय. सरळ जायचं, सरळ यायचं.

१३ ऑगस्ट, संध्याकाळ
वाटेत लवू भेटला.